चहावर तवंग, काळपट रंग, गढूळ आईस टी: बोअरच्या पाण्याच्या घरात काय काय तपासावं

आधी लक्षणं

‘चहा बिघडतोय’ या एका तक्रारीत सहा-सात वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. प्रत्येकाचं कारण वेगळं, त्यामुळे पावडरीचा ब्रँड बदलण्याआधी कपात नेमकं काय दिसतंय ते पाहा.

कोरा चहा कपात ओतून दोन-तीन मिनिटं तसाच ठेवला की वर चकचकीत तपकिरी पापुद्रा धरतो. चमच्याने ढकलला तर त्याचे तुकडे होतात आणि कपाच्या आतल्या बाजूला तपकिरी कडं राहतं. हा तवंग तेलाचा नसतो, दुधाची सायही नसते.

रंग लालसर येत नाही, मातकट येतो. पावडर दीडपट केली तरी रंग फक्त काळवंडतो, चव सपकच राहते.

रंग थेट निळसर काळा येतो आणि जिभेवर लोखंडाची चव राहते.

दूध घातलं की बारीक कण दिसतात किंवा चहा सरळ फाटतो.

आईस टी गरम असताना स्वच्छ, फ्रिजमधून काढला की गढूळ.

चहा नुसताच कडू, घशात ओढ धरणारा.

चहाला धण्या-हिंगाचा नाहीतर ब्लीचिंग पावडरचा वास.

पहिल्या तीन लक्षणांत संशय पाण्यावर, चौथ्यात दूध-आलं-गुळावर, सहाव्यात मापावर, सातव्यात डब्याच्या जागेवर किंवा पाण्यावर. पाचवं लक्षण थोडं वेगळं आहे, त्याचा समाचार पुढे सविस्तर घेतला आहे.

हा बिघाड परत परत का येतो

खानदेशात बऱ्याच घरांचा अनुभव असा की श्रावणात चहा झकास होतो आणि मार्च उलटला की तोच डबा, तेच दूध, तोच हात असूनही चहा उतरतो. कारण टाकीत आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, ते संपलं की टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी चढतं. वाघूर किंवा तापीचं नळाचं पाणी आणि घरामागच्या बोअरचं पाणी यांत चहाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक असतो. इथला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी सहसा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट घेऊन येतं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बऱ्याच बोअरचं पाणी आणखी जड होतं.

कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पॉलिफेनॉलशी (रंग आणि तुरटपणा देणाऱ्या घटकांशी) जुळतात, हवेतला प्राणवायू त्यात सामील होतो आणि वर तो पापुद्रा तयार होतो. बायकार्बोनेट आणखी एक करतं. ते चहाचा नैसर्गिक आंबटपणा मारतं. तो मेला की चहातली लाल-सोनेरी रंगद्रव्यं गडद तपकिरी होतात आणि चवीतला तजेला जातो. पावडर वाढवून हे सुटत नाही ते यामुळेच. पावडर वाढली की पापुद्रा थोडा कमी होतो हे खरं, कारण चहाचा आंबटपणा वाढतो, पण कडवटपणा त्याहून जास्त वाढतो.

तरीही सगळं खापर पाण्यावर फोडून लगेच आरओ विकत घेऊ नका. आधी फुकटच्या तपासण्या उरका.

१. माप आणि वेळ

खर्च शून्य. दोन कपांसाठी २०० मिली पाणी, १५० मिली दूध, दोन सपाट चमचे सीटीसी पावडर (साधारण ५ ग्रॅम), साखर आवडीप्रमाणे. पाण्याला आधण येऊ द्या, मग पावडर टाका, मध्यम आचेवर दोन ते तीन मिनिटं उकळा, दूध घाला, आणखी दोन मिनिटं, गॅस बंद. एक मिनिट झाकून ठेवा आणि गाळा. उतरतो तो जवळपास ३०० मिली चहा.

हेच माप का? कारण पुढच्या प्रत्येक तपासणीत तुलना करायला एक ठरलेला चहा लागतो. रोज अंदाजपंचे करून काय बदललं ते कधीच कळत नाही.

सीटीसीचे दाणे यंत्राने चुरडून, फाडून, वळवून बनवलेले असतात, त्यामुळे रंग आणि कडकपणा पहिल्या दोन-तीन मिनिटांतच उतरतो. त्यापुढे दहा मिनिटं उकळलं की बाहेर येतो तो मुख्यतः तुरटपणा. पान जितकं बारीक तितका हा धोका मोठा, डस्ट तर मिनिटभरात कामाला लागते. सकाळच्या चोथ्यावर दुपारी नवी चिमूट टाकून केलेला चहा कडू लागला तर त्यात पाण्याचा दोष नाही. गाळलेला चहा एकदा गरम केला तर चालतो, चोथ्यासकट नाही.

तोरणमाळला गेलात तर एक फरक लक्षात ठेवा. तिथे उंची साधारण ११५० मीटर, पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. मिनिटभर जास्त द्या. जळगाव-धुळ्यात त्याची गरज नाही.

२. पावडर

डबा कुठे आहे ते पाहा. गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी असेल तर तिथून हलवा. चहा वास ओढून घेण्यात पटाईत असतो, आणि एप्रिल-मेमध्ये त्या फळीवरची उष्णता त्याचा सुगंध आठवड्यांत उडवते. पाव किलोचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि महिना-दीड महिन्यात संपवा. किलोभर स्वस्तात मिळालं तर न फोडता ठेवा.

सुटी पावडर बाजारातून आणत असाल तर दोन तपासण्या करा. टीपकागद किंवा पांढरा फिल्टर पेपर ओला करा, त्यावर चिमूटभर पावडर पसरा, पाच मिनिटांनी झटका. शुद्ध चहाचा थंड पाण्यात लगेच लालभडक डाग पडत नाही, फिकट पिवळट ठसा उमटतो. कागदावर ठळक लाल, नारिंगी ठिपके फुटले तर रंग लावला आहे. दुसरी तपासणी लोहचुंबकाची. पावडर कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा. अगदी किरकोळ लोहभुकटी कारखान्यातले रोलर झिजून येतेच, पण चुंबकाला दाट मिशा फुटल्या तर तो डबा चहासाठी बाद. तिसऱ्या लक्षणातला निळसर काळा रंग क्वचित याच्यामुळेही येतो.

३. दूध, आलं, गूळ

फाटण्याची तक्रार इथे सुटते, पाण्यापर्यंत जावंच लागत नाही.

पहिलं दूध. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत डेअरीतून घरी यायला तास लागला तर दूध दिसायला ठीक असतं, पण आंबायला लागलेलं असतं. कच्चं ते टिकतं, उकळताना फाटतं. म्हणून चहात घालण्याआधी दोन चमचे दूध छोट्या पळीत वेगळं उकळा. कडेला कण दिसले तर त्या दुधाचा चहा होणार नाही. डेअरीवालेही परीक्षानळीत थोडं दूध उकळून हेच बघतात. ‘फाटू नये म्हणून चिमूटभर सोडा’ हा उपाय करू नका. सोड्याने चहाचा आंबटपणा मरतो आणि रंग मातकट होतो, म्हणजे जड पाण्याचा दोष तुम्ही आपल्या हाताने घालता. शिवाय आंबलेलं दूध झाकलं जातं, ते वेगळंच.

दुसरं आलं. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. दूध कोमट असताना ठेचलेलं आलं त्यात पडलं की दूध गोठायला लागतं. उकळीने हे एन्झाइम मरतं. त्यामुळे क्रम पक्का ठेवा: पाणी, ठेचलेलं आलं, तीन मिनिटं चांगली उकळी, मग पावडर, मग दूध. दुधात वरून आलं किसून घालायची सवय असेल तर ती मोडा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं.

तिसरं गूळ. गुळाला स्वतःचा आंबटपणा आणि क्षार असतात. जुना, चिकट, काळसर गूळ जास्त आंबट असतो. चहा पूर्ण झाला, गॅस बंद केला, अर्धा मिनिट उकळी बसू दिली, मग किसलेला गूळ घालून ढवळायचा, परत गॅसवर ठेवायचा नाही. दूध फ्रिजमधलं थंड न घालता आधी तापवलेलं घाला. एवढं करूनही फाटत असेल तर गूळ बदलून पाहा. अगदी पिवळाधमक गूळ दिसायला छान असतो, पण तो उजळ करायला रसायन वापरलेलं असू शकतं. गडद तपकिरी आणि कोरडा, कडक गूळ घेतलेला बरा.

४. भांडं आणि गाळणी

आंब्याच्या पन्ह्याचं किंवा ताकाचं पातेलं घाईत विसळून त्यात चहा टाकला तर दूध फाटतं. चहाचं पातेलं वेगळं ठेवा, त्यात दुसरं काही करू नका. स्टीलचं, जाड बुडाचं उत्तम.

गाळणी हा दुर्लक्षित भाग. स्टीलच्या गाळणीची जाळी प्रकाशासमोर धरा. भोकांत तपकिरी-पांढरट थर बसला असेल तर त्यात क्षार आणि जुन्या दुधाचे कण आहेत. अर्धा लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून गाळणी अर्धा तास बुडवा, ब्रशने घासा. तीच मात्रा दुप्पट करून एक लिटर इलेक्ट्रिक केटलमध्ये उकळा, वीस मिनिटं तसंच ठेवा, ओता, दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या. थर गेला की केटलचा वेळही वाचतो. मात्र केटल लावल्यावर एमसीबी पडत असेल, बुडातून ओल येत असेल किंवा अंगाला झिणझिण्या आल्या तर सफाईच्या भानगडीत पडू नका. प्लग काढा आणि ती इलेक्ट्रिशियनकडे द्या किंवा बदला.

पितळी पातेल्यात चहा करत असाल तर आतली कल्हई पाहा. चकाकी जाऊन पिवळं पितळ दिसायला लागलं की त्यात चहा नको, लिंबाचा तर मुळीच नको. आंबट पदार्थात तांबं उतरतं. कल्हई घरी करायचं काम नाही, कल्हईवाल्याकडेच द्या.

५. एका बाटलीची जोडचाचणी

इथवर सगळं ठीक निघालं तर आता वीस रुपये खर्च करा. सगळ्यात उपयोगी तपासणी हीच आहे, आणि लोक हीच टाळतात.

एक लिटर बंद बाटलीचं पाणी आणा. दोन सारखी पातेली घ्या. एकात २०० मिली बाटलीचं पाणी, दुसऱ्यात २०० मिली घरचं. दोन्हींत सपाट चमचा पावडर, तीन मिनिटं उकळी, दूध-साखर काही नाही. दोन पांढऱ्या कपांत गाळा आणि खिडकीजवळ शेजारी शेजारी ठेवा. पाच मिनिटांनी बघा.

बाटलीचा कप लालसर पारदर्शक आणि घरचा कप काळपट, वर पापुद्रा असेल तर दोष पाण्याचाच. दोन्ही सारखेच वाईट तर पाण्याला सोडा, परत दुसऱ्या तपासणीवर जा, दोष पावडरीचा आहे. दोन्ही सारखेच चांगले तर दूध किंवा पद्धत चुकते आहे. एवढ्याने निम्मे संशयित बाहेर पडतात.

६. लिंबू, साबण आणि रात्रभराचा पेला

घरच्या पाण्याच्या कपात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा. पापुद्रा विरघळला आणि रंग काळपटातून लाल-पिवळ्याकडे उजळला तर तवंगाचं निदान पक्कं. दोन्ही कपांत थेंब मोजून टाका. बाटलीचा कप तीन थेंबांत उजळतो आणि घरच्या कपाला दहा-बारा लागतात, यावरून बायकार्बोनेट किती जोरात आहे त्याचा अंदाज येतो.

मग साबण. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत १०० मिली पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा चिमूटभर कीस, वीस वेळा हलवा. जड पाण्यात फेस टिकत नाही आणि पाणी दुधाळ होऊन वर चोथा जमतो. भांड्यांचा लिक्विड साबण यासाठी वापरू नका, तो जड पाण्यातही फेस करतो आणि तुम्हाला फसवतो. तुरीची डाळ कुकरमध्येही अर्धवट राहते, नळाच्या तोटीवर पांढरी पुटं चढतात, ही सगळी एकाच घरची भावंडं.

निळसर काळा रंग येत असेल तर पांढऱ्या पेल्यात बोअरचं ताजं पाणी रात्रभर उघडं ठेवा. काढताना स्वच्छ आणि सकाळी पिवळट-तांबूस झालेलं, तळाशी गंजासारखा गाळ, म्हणजे पाण्यात लोह आहे. लोह आणि चहातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग येणारच, जुनी लिहायची शाई याच रसायनावर बनायची. बाथरूमच्या फरशीवर तांबूस डाग असतील तर दुजोरा मिळाला. फक्त सकाळच्या पहिल्या पाण्यातच हा रंग येत असेल तर दोष बोअरचा नसून गंजलेल्या जीआय पाइपचा असू शकतो. दोन मिनिटं नळ सोडून मग पाणी भरा आणि फरक पडतो का पाहा.

ब्लीचिंगचा वास हा सगळ्यात सोपा प्रकार. झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं उकळा, मग पावडर टाका. नाहीतर माठात रात्रभर ठेवलेलं पाणी वापरा.

टीडीएस पेन हाताशी असला तर आकडा लिहून ठेवा, पण त्यावरच निकाल देऊ नका. पेन पाण्यात एकूण विरघळलेलं किती ते सांगतो, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे सांगत नाही. ४०० टीडीएसच्या एका पाण्यात चहा खराब होतो आणि ४०० च्या दुसऱ्यात बरा होतो ते याचमुळे. जडपणा मोजायचा तर थेंब मोजून रंग बदलणारं छोटं हार्डनेस किट घ्या.

७. उकळून निवळलेलं पाणी

कोणतंही यंत्र घेण्याआधी हा उपाय आठवडाभर करून पाहा. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळून उकळा. झाकून रात्रभर ठेवा, अजिबात हलवू नका. सकाळी वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि तळची दोन बोटं पाणी सोडून द्या. तळाशी आणि कडेला जी पांढरी पूड दिसते तोच कॅल्शियम कार्बोनेट. काल यातलंच कॅल्शियम तुमच्या कपातल्या पापुद्र्यात तरंगत होतं.

उकळीने बायकार्बोनेट मोडतं, कॅल्शियम खाली बसतं. म्हणजे चहाचा मुख्य शत्रूच जातो. पाणी पूर्ण थंड झाल्यावर पेन लावा. ८०० चं ५५० झालं तर उपाय लागू पडला. आकडा जेमतेम हलला तर जडपणा सल्फेट-क्लोराइडचा आहे, तो उकळून जात नाही आणि गॅस फुकट जाळण्यात अर्थ नाही.

आठवड्यातून एकदा ते पातेलं लिंबूसत्त्वाने साफ करा, नाहीतर जुनी पूड नव्या पाण्यात मिसळत राहते.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. उकळल्याने नायट्रेट आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटून त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. शेतातल्या विहिरीचं पाणी घरात वापरत असाल, आणि विशेषतः भोवती खतांवर वाढणारी केळी-ऊस असेल, तर नवव्या तपासणीपर्यंत नक्की जा.

८. आईस टीचा गढूळपणा

हा खराबीचा गढूळपणा नाही. चहातलं कॅफिन आणि थिअफ्लेविन (लाल-सोनेरी रंगद्रव्य) गरम पाण्यात सुटे असतात, थंड झाले की एकमेकांना धरून बारीक कण होतात. परीक्षा सोपी आहे. गढूळ ग्लासातला थोडा चहा गरम करा. पुन्हा स्वच्छ झाला तर कारण हेच. गरम करूनही गढूळच राहिला तर पाण्यातला कॅल्शियम, गाळणीतून सुटलेली बारीक डस्ट किंवा शिळेपणा.

कडक आसाम सीटीसीमध्ये हे जास्त होतं, कारण त्यात थिअफ्लेविन भरपूर. जड पाणी त्यात भर घालतं. म्हणून घरच्या रोजच्या पावडरीनेच आईस टी करायचा हट्ट असेल तर थोडा गढूळपणा स्वीकारा. स्वच्छ हवा असेल तर निलगिरीचा पानचहा आणा, तो थंड केल्यावर कमी गढुळतो म्हणून आईस टीसाठी नावाजलेला आहे.

गरम पद्धत: निवळलेलं ५०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, १० ग्रॅम पानचहा टाका, झाकून चार मिनिटं. ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा, पिळू नका, पिळलं की बारीक गाळ उतरतो. चहा गरम असतानाच ५० ते ६० ग्रॅम साखर विरघळवा. मग साध्या तापमानाचं ५०० मिली पाणी घाला, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच फ्रिजमध्ये. उकळता कडक चहा थेट बर्फावर ओतला की गढूळपणा हमखास. झालाच तर लिटरला अर्धी वाटी उकळतं पाणी घालून ढवळा, बऱ्याचदा निवळतो. लिंबू ग्लासात ओतल्यावर पिळा.

थंड पद्धत जास्त खात्रीची: एक लिटर थंड पाण्यात १० ग्रॅम पानचहा, झाकून फ्रिजमध्ये सहा ते आठ तास, मग गाळा. थंड पाण्यात कॅफिन आणि तुरट घटक कमी उतरतात, त्यामुळे गढुळायला फारसं काही उरत नाही. पाणी आधी उकळून थंड केलेलंच घ्या, कारण या पद्धतीत जंतू मारणारी उष्णता कुठेच नाही.

याच कारणाने बरणी उन्हात ठेवून चहा करायचा प्रयोग खानदेशात करू नये. मे महिन्यात ओट्यावरची बरणीही ४० अंशांवर जाते. चहाला ते गरम नाही, जंतूंना मात्र अगदी सोयीचं आहे. फ्रिजमधला आईस टीसुद्धा २४ तासांत संपवा. ओतताना तार धरू लागला किंवा तळाशी बुळबुळीत धागे दिसले तर सरळ मोरीत ओता, चव घेऊन बघू नका.

बर्फ: २५० मिलीच्या ग्लासात पाच-सहा खडे टाकले की दुपारच्या उकाड्यात दहा मिनिटांत चांगलंच पाणी सुटतं आणि चहा पांचट होतो. दोन उपाय आहेत: चहा सव्वापट कडक करा, किंवा थोडा आईस टीच ट्रेमध्ये गोठवून त्याचे खडे वापरा. दुसरा उपाय जास्त चांगला. हातगाडीवरची बर्फाची लादी ग्लासात टाकू नका. निळसर बर्फ खाण्यासाठी नसतोच, आणि पांढरी लादी कोणत्या पाण्याची आहे ते आपल्याला दिसत नाही.

९. आरओ, सॉफ्टनर आणि प्रयोगशाळा

इथून पुढे खर्च वाढतो आणि हाताला मर्यादा येतात.

आधी सॉफ्टनरचा गैरसमज. मिठावर चालणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. कपडे, गीझर, केस यांना फायदा. पापुद्राही जातो. पण बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं, त्यामुळे चहा काळपट आणि सपकच येतो, कधी कधी आधीपेक्षा जास्त. फक्त चहासाठी सॉफ्टनर घेणं म्हणजे पैसे वाया.

आरओ असूनही चहा बिघडत असेल तर येणाऱ्या आणि गाळलेल्या पाण्याचा टीडीएस एकाच वेळी मोजा. ९०० येऊन ९० च्या आसपास बाहेर पडत असेल तर मेम्ब्रेन (आरओतला क्षार अडवणारा पडदा) ठीक. २५०-३०० निघत असेल तर एकतर मेम्ब्रेन गेली आहे, किंवा टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू उघडा आहे आणि कच्चं पाणी मिसळतं आहे. याउलट गाळलेलं पाणी २०-३० च्या खाली असेल तर चहा पातळ आणि टोकदार लागतो. चहाला ५० ते १५० मधलं पाणी मानवतं.

तो स्क्रू स्वतः फिरवण्याचा मोह आवरा. स्क्रू उघडला की चव सुधारते, पण कच्च्या पाण्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर तेही परत पेल्यात येतं. आधी कच्च्या पाण्याचा अहवाल, मग स्क्रू. बाहेरचा फिल्टर बाउल उघडून मळका कँडल बदलणं घरी जमतं. मेम्ब्रेन, पंप, गळती, विजेचा भाग हे मेकॅनिकचं काम. त्याला बोलावल्यावर येणारा-जाणारा टीडीएस आधी आणि नंतर आपल्यासमोर मोजायला लावा, नाहीतर चांगली मेम्ब्रेन बदलून पैसे घेतले जातात.

वीस लिटरचे थंड जार सरसकट चांगले समजू नका. प्रत्येक पुरवठादाराचं पाणी वेगळं, एकदा पेन लावून जोडचाचणी करा.

आता थांबायचं कुठे ते. पाण्याला गटाराचा वास आला, पावसानंतर बोअरचं पाणी अचानक गढूळ झालं, चव एका रात्रीत बदलली, किंवा घरात एकाहून जास्त जणांना जुलाब झाले तर चहा सुधारायचा नाद सोडा. ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं बंद करा, ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला कळवा, आजारी माणसाला दवाखान्यात न्या. घरात सहा महिन्यांच्या आतलं, वरचं दूध पिणारं बाळ असेल आणि पाणी विहिरीचं-बोअरचं असेल तर नायट्रेटची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करून घ्या.

गावात बऱ्याच ग्रामपंचायतींकडे पाणी तपासणीचं फील्ड टेस्ट किट असतं, आधी तिथे विचारा. पक्क्या अहवालासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा किंवा मान्यताप्राप्त खासगी लॅब. एकूण जडपणा, अल्कलिनिटी (यावरून बायकार्बोनेट कळतं), टीडीएस, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू एवढं मागा. आयएस १०५०० या भारतीय मानकात एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. टीडीएसला हेच आकडे ५०० आणि २०००. नायट्रेटला ४५ ही एकच मर्यादा, तिथे सवलत नाही. जडपणा ३०० आला म्हणून घाबरू नका, जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. चहा बिघडायला तेवढा पुरतो, पण पिण्याला ते चालतं. नायट्रेट ६० आलं तर मात्र चहा कितीही सुंदर होत असला तरी ते पाणी पिण्यासाठी बंद.

नमुना घेताना पंप दहा मिनिटं चालू द्या, एक-दोन लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, तारीख आणि बोअरची खोली लिहा. जिवाणूंसाठीची निर्जंतुक बाटली लॅबकडूनच घ्या, ती विसळायची नाही, आणि थंड डब्यात घालून त्याच दिवशी पोचती करा. नमुना शक्यतो एप्रिल-मेमध्ये घ्या, पाणी सगळ्यात जड असतं तेव्हा. ऑगस्टचा अहवाल पाहून आरओ निवडला तर तो पुढच्या उन्हाळ्यात कमी पडेल.